मीटरवर ५५, हिशेबात ४८ आणि मनात अजून ६२

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक भोसरीला राहतात आणि चाकणजवळ म्हाळुंग्याच्या एका कारखान्यात काम करतात. रोजची रपेट जाऊन-येऊन ४२ किलोमीटर, सुट्टीच्या दिवसाची धरून महिन्याला साधारण १३०० किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये घेतलेली १२५ सीसीची फ्युएल इंजेक्शनवाली मोटरसायकल आहे. पहिली दोन वर्षं गाडीच्या डिजिटल मीटरवर सरासरी ६२ दिसायची. जूनपासून ती ५५ वर आली. म्हणून त्यांनी स्वतः हिशेब केला. पेट्रोलची शेवटची कांडी लुकलुकायला लागली की २०० रुपयांचं पेट्रोल टाकायचं आणि पुन्हा लुकलुकेपर्यंत किती चालली ते बघायचं. ९२ किलोमीटर आले, म्हणजे लिटरला ४८. मेच्या शेवटी सर्व्हिसिंग झालं होतं, त्यात मागच्या ब्रेकचे लायनर बदलले. जूनमध्ये पहिल्या पाळीतून जनरल शिफ्टला बदली झाली. गॅरेजवाला साडेचार हजारांचा ‘मायलेज किट’ बसवा म्हणतो. मित्र म्हणतात, पंपवाला मापात मारतोय. श्रीगोंद्याच्या मेव्हण्याची १०० सीसीची गाडी ७० देते, आणि तो दर फोनला ते ऐकवतो. घरी विचार चालू आहे की गाडी विकून इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी. “कंपनीने फसवलं, गॅरेजने बिघडवलं की पेट्रोलच खराब? आणि आता मी नेमकं काय करू?”

---

नमस्कार.

पत्रात तुम्ही तीन आकडे दिलेत आणि तिन्ही एकाच पंगतीला बसवलेत. ६२ आणि ५५ हे गाडीच्या मीटरचे, ४८ तुमच्या हिशेबाचा. मीटर पेट्रोल मोजत नाही. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून ते अंदाज बांधतं, आणि तो अंदाज बहुतेक गाड्यांत थोडा गोड असतो. त्यामुळे ६२ ची तुलना ५५ शीच करायची. घट झाली ती सातची, चौदाची नव्हे. ४८ आधी बाजूला ठेवू, कारण त्यात वेगळीच गडबड आहे.

पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलं तर २०० रुपयांत १.९२ लिटर येतं. कांडी लुकलुकणं टाकीतल्या तरंगत्या फ्लोटवर अवलंबून असतं. गाडी चढाला आहे की उताराला, साइड स्टँडवर होती की सरळ, नुकताच ब्रेक मारला का, यावर ती पाव लिटर इकडे-तिकडे सहज लुकलुकते. दोन लिटरांच्या मापात पाव लिटरची चूक म्हणजे तुमचे तेच ९२ किलोमीटर एकदा ४२ चं ॲव्हरेज दाखवतील आणि एकदा ५५ चं. तुमचं ४८ बरोब्बर मधोमध पडलंय. एवढ्या आकड्यावर साडेचार हजार घालवायला नकोत आणि गाडी तर मुळीच विकायला नको.

शिवाय कायम शेवटच्या कांडीवर गाडी चालवणं इंजेक्शनच्या गाडीला मानवत नाही. हिचा पेट्रोल पंप टाकीच्या आत असतो आणि तो पेट्रोलमध्ये बुडालेला राहिला तरच थंड राहतो. टाकी सतत तळाला ठेवली तर तो तापतो, तळातली घाणही ओढतो. निदान एक चतुर्थांश टाकी शिल्लक असताना भरत जा.

आधी मोजमाप नीट करा

टाकी फुल ते टाकी फुल, याला पर्याय नाही. पंप एकच, शक्य तर नोझलही तेच. सकाळची वेळ. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर. नोझल पहिल्यांदा ‘खट्’ करून आपोआप बंद झालं की तिथेच थांबायचं. “साहेब, राउंड फिगर करू का?” याला ठाम नाही म्हणायचं, कारण त्या शेवटच्या चार-पाच रुपयांनीच हिशेब बिघडतो. गळ्यापर्यंत भरूही नका, उन्हात पेट्रोल फुगतं. ट्रिप मीटर शून्य करा. मग किमान ३०० किलोमीटर नेहमीसारखी चालवा. चाचणी चालू आहे म्हणून हळू चालवू नका, नाहीतर परीक्षेपुरता अभ्यास केल्यासारखं होईल. पुन्हा त्याच पंपावर, त्याच पद्धतीने, पहिल्या ‘खट्’पर्यंत. पावतीवरचे लिटर दोन दशांशांपर्यंत लिहून ठेवा. किलोमीटर भागिले लिटर.

असं तीनदा करा. पाच-सहा लिटरांच्या भरण्यात शंभरेक मिलीची चूक झाली तरी ती दोन टक्क्यांच्या आसपास राहते. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. तीन आकडे एकमेकांच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत आले तर त्यांची सरासरी हे तुमच्या गाडीचं खरं ॲव्हरेज. याच काळात मीटर काय दाखवतंय तेही टिपा. मीटर दरवेळी, समजा, चारने जास्त दाखवत असेल तर पुढे टाकी फुल करायची गरज नाही, मीटरमधून चार वजा करा.

हा हिशेब येईपर्यंत महिना जाईल. तोवर, मीटरवर जी सातची घट दिसते ती कुठून आली असेल ते कागदावर मांडून बघू.

सातची घट: कागदावरचा हिशेब

रोजचे ४२ किलोमीटर. ६२ च्या ॲव्हरेजने ६७७ मिली पेट्रोल लागायचं, ५५ च्या ॲव्हरेजने ७६४ मिली लागतं. म्हणजे रोज ८७ मिली जास्त, चहाच्या एका कपापेक्षा कमी. हे ८७ मिली कुठे जातात ते शोधायचं आहे.

पहिला वाटेकरी इथेनॉल. तुम्ही गाडी घेतली त्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण १० टक्क्यांवर पोचलं होतं. २०२५ मध्ये ते २० टक्के झालं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. त्यामुळे १० चं मिश्रण २० झालं की लिटरमागची ऊर्जा सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही १० टक्के मिश्रणावर बेतलेल्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घटीचा अंदाज दिलेला आहे. ६७७ मिलीचे साडेतीन टक्के म्हणजे २४ मिली. धुरावर नजर ठेवणारा ऑक्सिजन सेन्सर सांगतो म्हणून इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा राहतो, म्हणून ही घट मीटरवरही दिसते. याला इलाज नाही. मात्र “इथेनॉलमुळे वीस टक्के ॲव्हरेज गेलं” असं कोणी कट्ट्यावर सांगितलं तर मान डोलवू नका. वीस टक्के इथेनॉल म्हणजे वीस टक्के घट, असा तो गणितातला घोटाळा असतो.

उरले ६३ मिली. इथे तुमच्या पत्रातली ती एक ओळ महत्त्वाची ठरते, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: जूनमध्ये जनरल शिफ्ट लागली. पहिल्या पाळीला तुम्ही पहाटे पावणेसहाला निघत होता. मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा, सगळं मोकळं. पत्रात लिहिलंय तसं चाळीस मिनिटांत पोचत होता. आता आठला निघता आणि सत्तर मिनिटं लागतात, येतानाही तेवढीच. चाकणच्या रस्त्यावर सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. रोजचा एक तास जास्त इंजिन चालू आहे आणि किलोमीटर तेवढेच आहेत.

१२५ सीसीचं इंजिन जागच्या जागी घुरघुरत असताना तासाला अंदाजे १५० ते २०० मिली पेट्रोल खातं. १६० धरा. त्या जास्तीच्या तासातली फक्त २४ मिनिटं तुम्ही निव्वळ उभे असाल तरी ६४ मिली झाले. हिशेब जुळला. उरलेल्या ३६ मिनिटांत पहिला-दुसरा गिअर, हाफ क्लच आणि चार फूट पुढे जाऊन पुन्हा ब्रेक, त्याचं पेट्रोल तर मी धरलेलंच नाही.

तेव्हा गाडीत काहीच बिघडलेलं नसण्याची शक्यता बरीच आहे. जूनमध्ये पाळी बदलली, रस्ता तोच राहिला तरी रस्त्यावरची वेळ बदलली. पण सर्व्हिसिंगही त्याच सुमारास झालंय आणि लायनर नवे आहेत, म्हणून गॅरेजला लगेच निर्दोष सोडू नका.

अर्ध्या तासात घरी करायची तपासणी

सुरुवात मागच्या ब्रेकपासून, कारण संशयित तोच आहे. नवे लायनर बसवले की काही मेकॅनिक ब्रेक ‘कडक’ करून देतात. गिऱ्हाइकालाही ते आवडतं. ड्रममध्ये लायनर हलके घासत राहतात आणि इंजिन दिवसभर ब्रेकशी कुस्ती खेळतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, मागचं चाक हाताने जोरात फिरवा. चेनमुळे ते पुढच्या चाकाइतकं मोकळं फिरणार नाही, पण दोन-तीन फेरे सहज जायला हवेत आणि ‘खस्स खस्स’ आवाज एकसारखा येता कामा नये. पायाच्या ब्रेकला २० ते ३० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ती नसेल तर ब्रेक रॉडच्या टोकाचा नट अर्धा-अर्धा फेरा सैल करत पुन्हा चाक फिरवून बघा. आणखी एक खात्रीची खूण: रस्ता मोकळा असताना पाच किलोमीटर मागचा ब्रेक जवळजवळ न वापरता चालवा, थांबा आणि हबजवळ हात न्या. धग लागली तर लायनर घासताहेत. हात एकदम टेकवू नका, भाजेल.

ब्रेक ठीक असेल तर आपला उजवा पाय तपासा. ट्रॅफिकमध्ये कित्येक जण पाय पेडलवर विसावून चालवतात आणि त्यांना ते कळतही नाही. मागून येणाऱ्या सहकाऱ्याला विचारा, “माझा ब्रेक लाइट विनाकारण लागलेला असतो का?” तो खरं सांगेल.

मग हवा. दर आठवड्याला, टायर थंड असताना. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे २५ पीएसआय आणि सिंगल चालवताना मागे २८-२९ लागते. डबलसीटचा मागचा आकडा कंपनीगणिक बराच बदलतो, काहींचा ४० पर्यंत जातो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. पंक्चरवाल्याला “बघून टाक” म्हणू नका, आकडा सांगा. ॲव्हरेजसाठी दहा पीएसआय जास्त भरायची टूमही नको. ओल्या रस्त्यावर पकड जाते, खड्ड्यात रिम वाकते, टायर मधोमध झिजतो. टायर दोन-चार हजारांचा असतो, वाचलेलं पेट्रोल दहा-वीस रुपयांचं.

चेन पावसाळ्यात फार लवकर कोरडी पडते. दर ५०० किलोमीटरला, आणि भर पावसात चालवली तर त्याआधीच, ब्रशने घाण काढून चेन ल्यूब मारा. तुमच्या चालीने महिन्यातून तीनदा. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ हवा. नेमका आकडा मॅन्युअलचा. जास्त ताणलेली चेनही ॲव्हरेज खाते, आणि बेअरिंगही. मागचं चाक एकदा पूर्ण फिरवत तीन-चार ठिकाणी खेळ मोजा. एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ लागली तर चेन असमान झिजली आहे, ताणून उपयोग नाही.

क्लचच्या लिव्हरला १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ती शून्य असेल तर क्लचच्या प्लेटा पूर्ण चिकटत नाहीत. पाचव्या गिअरमध्ये चढावर एकदम रेस दिली की इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र तशीच रेंगाळते. ते दिसलं तर लगेच गॅरेज.

सर्व्हिसिंगचं बिल काढा आणि ऑइलची ग्रेड वाचा. आताच्या बहुतेक १२५ सीसी गाड्यांना १०डब्ल्यू-३० लागतं. गॅरेजमध्ये मोठ्या डब्यातून २०डब्ल्यू-५० ओतलं असेल, “घट्ट ऑइल चांगलं” या समजुतीने, तर इंजिनला ते ढवळायला जास्त जोर लागतो. थंड इंजिनाला तर फारच. मॅन्युअल सांगतं तीच ग्रेड, तेवढंच माप.

एअर फिल्टर, प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे) यांच्यात सहसा एकाएकी बिघाड होत नाही, ते हळूहळू उतरतात. कागदी फिल्टर तेल लावलेला असेल तर त्यावर हवेचा फवारा मारायचा नसतो, मुदत झाली की बदलायचा. चाकणच्या धुळीत मुदतीच्या आधीच. प्लग काढून बघितला तर टोकाचा रंग बिस्किटासारखा असावा. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त पडतंय. इंजेक्शनच्या गाडीत त्याचं कारण बहुधा सेन्सर असतो. इंजिनचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडला तर गाडीला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, आणि ती पेट्रोल ओतत राहते. गरम झाल्यावरही आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग) चढं राहणं, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा, ही त्याची लक्षणं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

मायलेज किटचं काय

घेऊ नका.

असे किट साधारण दोन प्रकारचे असतात. एकात इंजिनाकडे जाणाऱ्या मार्गात जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवतात, दुसऱ्यात सेन्सरच्या वायरमध्ये छोटी डबी. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धूर बघून पेट्रोल कमी-जास्त करत असतो. चोरवाटेने हवा घेतली की तो पेट्रोल वाढवून मिश्रण पुन्हा जागेवर आणतो. आयडलिंग मात्र बिघडतं. डबी सेन्सरला खोटं सांगते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, पिकअप मरतो. तुम्ही रेस जास्त पिळता आणि वाचलेलं तिथेच जातं. वायरिंग कापली की वॉरंटीला सर्व्हिस सेंटर हात वर करतं ते वेगळंच. पेट्रोलच्या नळीवर बसवायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या डांबरगोळ्या, थोडं रॉकेल, हे सगळे याच माळेचे मणी, आणि शेवटचे दोन तर इंजेक्टरची वाट लावतील. महागडं प्रीमियम पेट्रोलही तुमच्या इंजिनाला नको. त्याचा ऑक्टेन जास्त असतो, म्हणजे ते अवेळी पेटत नाही. ऊर्जा त्यात जास्त नसते. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन चढा असल्यामुळे साध्या पंपावरच्या पेट्रोललाही आता तो आपसूक मिळालाय.

कार्बोरेटरच्या, म्हणजे एप्रिल २०२० च्या आधीच्या बीएस-४ किंवा त्याहून जुन्या गाड्या वापरणाऱ्यांसाठी इथे चार ओळी. “ॲव्हरेजवर लावून देतो” म्हणून मेकॅनिक जो स्क्रू फिरवतो तो आयडलिंगचं आणि अगदी थोड्या रेसचं मिश्रण ठरवतो. ४५-५० च्या वेगात सुई आणि मेन जेट काम करतात, त्यांना त्या स्क्रूचं सोयरसुतक नाही. स्क्रू फार पातळ केला की थंड गाडी बंद पडते, मग माणूस चोक ओढून फिरतो आणि पेट्रोल आणखी जातं. चोक पूर्ण परत जातो का, फ्लोटच्या वाटीतून ओव्हरफ्लो होतो का, आणि जुन्या रबरी नळ्या-ओरिंग इथेनॉलने फुगल्या-चिरल्या आहेत का, हे आधी बघा. नळी हाताला चिकट लागली तर बदला. टॅपेटही थंड इंजिनवरच, फिलर गेजने बसवून घ्या. अंदाजाने, “आवाज बंद होईपर्यंत” घट्ट केलेल्या टॅपेटने व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं.

पंप, कंपनी आणि मेव्हणा

पंपावर संशय असेल तर भांडायची गरज नाही. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात पेट्रोल मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा: नोझल पुसून एक थेंब टाका, दोन मिनिटांत उडून गेला पाहिजे, गडद डाग राहिला तर काळंबेरं आहे. मात्र लक्षात घ्या, तुमच्या गाडीचं मीटर पंपाचं माप बघतच नाही. पंपवाला मापात मारत असता तर तुमचा हिशेब पडला असता, मीटरवरचा आकडा ६२ वरून ५५ झाला नसता.

कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत येतो. चाकं रोलरवर, ठरलेला वेग, ठरलेलं तापमान, ना आळंदी फाटा ना पाऊस. दोन गाड्यांची तुलना करायला तो कामाचा आहे. तुमच्या रस्त्यावर तो मिळेल असं वचन त्यात नसतं, आणि जाहिरातीखालच्या बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. त्या आकड्यावरून तक्रार केलीत तर हाती फारसं लागणार नाही.

मेव्हण्यांचे ७० खरे असू शकतात. गाडी १०० सीसीची, वजनाला हलकी. सिग्नल नाहीत, ४५ चा वेग, चौथ्या गिअरमध्ये गाडी गावापर्यंत एका दमात. त्यांना एक आठवडा तुमच्याबरोबर आठ वाजता मोशीतून काढा. फोन कमी होतील.

पेट्रोल खरंच कुठे वाचेल

तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा नळ गळतोय तो वेळेचा. आठऐवजी सव्वासातला निघून बघा, आठवडाभर, मिनिटं लिहून. रस्त्याने पंधरा मिनिटं सोडली तरी मीटरवर ते दिसेल. गेटवर लवकर पोचायचं नसेल तर चहा तिकडे प्या. कारखान्याची बस तुमच्या शिफ्टला असेल तर तिचा हिशेबही करून बघा. पत्रात तिचा उल्लेख नाही.

उभं राहावं लागलं आणि अर्ध्या मिनिटात सुटणार नाही असं दिसलं की इंजिन बंद. गरम इंजेक्शन इंजिन सुरू करायला पेट्रोल नाममात्र लागतं. फक्त चावी चालू ठेवून बसू नका, बॅटरी उतरते. दर दहा सेकंदांनी मात्र बंद-चालू करू नका, स्टार्टरचे हाल होतात.

रेंगाळत्या रांगेत समोरच्याच्या चाकाला चिकटण्यापेक्षा दोन गाड्यांची जागा सोडा आणि दुसऱ्या गिअरमध्ये संथ सरकत राहा. मध्ये रिक्षा घुसेल. घुसू द्या. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं म्हणजे पेट्रोल जाळून क्लच प्लेट झिजवणं.

मोकळ्या पट्ट्यात ४५ ते ५५. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ५० वरून ७० वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट होतो. दहा किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यावर ५० ला बारा मिनिटं लागतात, ७० ला साडेआठ. ती साडेतीन मिनिटं पुढच्या फाट्यावर उभं राहण्यातच जातात.

उतारावर न्यूट्रल करायची जुनी सवय सोडा. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना रेस पूर्ण सोडली की ठरावीक फेऱ्यांच्या वर इंजेक्टर पेट्रोल साफ बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की आयडलिंगचं पेट्रोल सुरू होतं आणि इंजिन ब्रेकही जातो. सिग्नल लाल दिसला की लांबूनच रेस सोडून गिअरमध्ये येत राहा, क्लच अगदी शेवटी दाबा.

आणि इलेक्ट्रिक

हा प्रश्न ॲव्हरेजच्या रागातून आलाय, म्हणून त्याचा वेगळा हिशेब करू. १३०० किलोमीटरला ५५ ने २३.६ लिटर, म्हणजे सुमारे २४५० रुपये. इलेक्ट्रिक स्कूटर, चार्जिंगमधली गळती धरून, एका युनिटमध्ये २५ किलोमीटर जाते असं सावध धरू. ५२ युनिट, युनिटला १० रुपये, म्हणजे ५२० रुपये. महिन्याला १९०० च्या आसपास वाचले. एक लाखाचं कर्ज तीन वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण ३३०० रुपये. म्हणजे तीन वर्षं खिशातून १४०० घालायचे, नंतर सगळा नफा. सर्व्हिसिंगचा खर्च थोडा कमी, आणि जॅममध्ये उभी असताना स्कूटर जवळजवळ काहीच खात नाही.

हाच हिशेब ६२ च्या ॲव्हरेजने केला तरी महिन्याला साडेसोळाशेच्या वर वाचतात. फरक फार नाही. म्हणून स्कूटर घ्यायची की नाही हे ४८ किंवा ५५ वर ठरवू नका. पार्किंगमध्ये तुमच्या घरच्या वीजमीटरचा सॉकेट काढता येतो का, सोसायटी परवानगी देते का, बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटरची, आणि वर्षाला पंधरा-सोळा हजार किलोमीटर चालवल्यावर ती वॉरंटी नेमकी कधी संपते, यावर ठरवा. सॉकेट मिळत नसेल तर विषय तिथेच संपला. मिळत असेल तर घरच्यांचा विचार वाईट नाही, पण तीन वर्षांची चालू गाडी घाईने, पडत्या भावात विकून नको.

६२ वरून ५५ होण्याची महिन्याची किंमत पावणेतीनशे रुपये आहे. तेवढ्यासाठी घरात वाद नको.

आधी ब्रेक आणि हवा बघा, आजच संध्याकाळी. मग तीन टाक्यांचं मोजमाप. सरासरी ५० ते ५५ च्या मध्ये आली तर गाडी तुमच्या रस्त्याला साजेशी चाललीय, गॅरेजला जाऊ नका. ४७-४८ च्या खाली आली तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि “ॲव्हरेज कमी” एवढंच मोघम सांगू नका. तीन टाक्यांच्या पावत्या दाखवा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या: मागचं चाक मोकळं फिरतं का ते तपासणे, स्कॅनर लावून ऑक्सिजन सेन्सर आणि तापमान सेन्सरची रीडिंग बघणे, थ्रॉटल बॉडी साफ करणे, टॅपेट थंड इंजिनवर मोजणे. टॅपेटसाठी गाडी आदल्या संध्याकाळी सोडावी लागेल. बदललेला प्रत्येक जुना पार्ट मागून घ्या, आणि निघण्याआधी तिथेच, मेन स्टँडवर, मागचं चाक एकदा फिरवून बघा.